डावीकडचा आरसा

आमच्या व्हॅनला डावीकडे आरसा नव्हता. तुटला किंवा चोरीला गेला असं नव्हे, मुळातच नव्हता. ती घेतली त्या काळात गाड्या बनवणाऱ्यांचं मत असं दिसतं की माणसाला उजवीकडून काय येतंय एवढं कळलं तरी पुरे, डावीकडचं ज्यानं त्यानं आपलं बघावं. आमच्याकडे ते मी बघत असे.

'हे', म्हणजे माझे यजमान, स्टीअरिंगवर आणि मी डावीकडे खिडकीशी. वळायचं असलं की हे विचारणार, "घेऊ का वं?" मी मान बाहेर काढून मागे बघणार आणि सांगणार, "थांबा, सायकल आहे. हं, घ्या आता." मग हे घेणार. मुलगा शाळेत होता तेव्हापासून तो नोकरीला लागून पुण्याला गेला तोवर, आणि त्यानंतरही, हा कारभार असाच चालला. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही. तरी निम्मी व्हॅन मीच चालवली असं मी मानते. लोक याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. म्हणोत. माझ्या शेळ्या सुखरूप पोचत होत्या.

या कामाचा एक फायदा होता, तो मी कोणाला सांगितला नव्हता. हुडकेश्वरला आमच्या गल्लीत माझ्या वयाच्या बायका आहेत. त्यांचे नवरे निवृत्त झाल्यावर रोज कुठे ना कुठे निघतात, आणि निघताना म्हणतात, "तू कायले येतं? तुहं काय काम आहे तिथं?" आणि त्या बाया दारातून परत आत जातात. मला हे वाक्य आयुष्यात कधी ऐकावं लागलं नाही, कारण माझं काम होतं. नरखेड तालुक्यात यांची संत्र्याची बाग आहे. तिथे बहर बघायला जायचं, व्यापाऱ्याशी बोलायचं, कोणाचं लग्न, कोणाची तेरवी, सगळीकडे मी. काटोल रोडवरचं एकेक झाड मी ओळखते. शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्याकडे एवढी एकच नोकरी उरली होती, आणि ती सोडायचा माझा विचार नव्हता.

भानगड सुरू झाली गेल्या वर्षीच्या थंडीत, काटोल नाक्यावर. यांनी विचारलं, "घेऊ का वं?" मी बघितलं आणि म्हटलं, "घ्या." यांनी घेतली. आणि एका दुधवाल्याची मोटारसायकल, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली, आमच्या दाराला घासत गेली. पडला नाही. पण थांबला, आणि जे बोलायचं ते बोलला. मी त्याच्याहून मोठ्या आवाजात बोलले. शाळेत वर्ग सांभाळलेल्या बाईला नाक्यावरचा दुधवाला भारी नसतो. तो गेल्यावर मी यांना म्हटलं, "धुक्यातून कसा आला पाहा मेला."

हे म्हणाले, "धुकं नव्हतं."

"होतं."

"बरं, होतं," हे म्हणाले, आणि गाडी पुढे काढली.

त्यानंतर यांनी एक नवीन खोड लावून घेतली. मला विचारायचं, मी "घ्या" म्हणायचं, आणि मग यांनी स्वतः कमरेतून वळून, माझ्या अंगावरून झुकून, खिडकीतून मागे बघायचं. मग घ्यायचं. दर वळणाला. म्हणजे मी अहवाल द्यायचा आणि वर तपासणीला साहेब येणार. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर माणसाला असं वागवलं तर तो राजीनामा देतो, मला तीही सोय नव्हती. मी भांडले. "माह्यावर भरोसा नाही का तुमचा? काहून वळून वळून पाहून राहिले?" हे म्हणायचे, "भरोसा आहे वं. सवय लागली." साठी उलटल्यावर सवय सुटते असं ऐकलं होतं, लागते हे नव्हतं ऐकलं.

व्हायचं ते झालं. मान धरली. एका सकाळी हे उठले ते डावीकडे वळेचनात. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला आणि मानेला झटका देऊ नका म्हणून सांगितलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण त्याआधी क्षणभर वाटलं की देव आहे. बायकोवर अविश्वास दाखवायला वळणारी मान नेमकी त्याच बाजूला अडली. मी शेक दिला, तेल चोळलं, आणि चोळता चोळता तसं बोलूनही दाखवलं. हे पालथे पडून होते.

पट्टा निघाल्यावर हे म्हणाले, "माही मान आता काही पहिल्यासारखी वळत नाही. व्हॅनले आरसे लावून घेऊ. नवे, मोठे."

"मी मेली का?" मी विचारलं.

"तू बी राहा. आरसे बी राहू दे."

कानामागून आला अन् तिखट झाला म्हणतात तसं होणार हे मला तेव्हाच दिसलं. माणसाचं काम यंत्राला दिलं की पहिल्या दिवशी सगळे हेच म्हणतात, तू बी राहा. माझ्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा हजेरीच्या बाईंनाही असंच सांगितलं होतं. पुढे त्या पाण्याच्या टाकीजवळ बसू लागल्या.

सक्करदऱ्याला गाड्यांचं सामान विकणारं आणि बसवूनही देणारं एक दुकान आहे, तिथे गेलो. दुकानदार बोलका. व्हॅनभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "काकाजी, हिचे आरसे निघनं बंद झालं. नव्या गाडीचे बसवून देतो. रुबाब वाढून जाईन गाडीचा."

"डावा एकच द्या," हे म्हणाले. "उजवा चालते आमचा."

"जोडीनंच येतात काकाजी. एक घ्याल तर दुसऱ्याचं मी काय करू?"

मी म्हटलं, "घ्या ना दोन्ही. एक कान छोटा एक मोठा, बरं दिसन का?" बोलून गेले आणि जीभ चावली. मी बाजूने बोलत होते की विरुद्ध हे माझं मलाच कळेना.

आरसे आले. आमची व्हॅन म्हणजे चाकांवर ठेवलेलं साधं पांढरं खोकं. आरसे काळे, फुगीर, चकचकीत, शेजारच्या चारचाकीला असतात तसे. आजोबांच्या नाकावर नातवाचा गॉगल चढवावा तसं ते ध्यान दिसायला लागलं. नाकापेक्षा मोती जड. शिवाय नव्या आरशाचं बूड आणि जुन्या दाराचा कोपरा यांचं काही जमेना. दुकानदारानं खाली जाड रबराचा तुकडा घातला, आतून लोखंडी पट्टी लावली, तरी हलत होता. "छेद करावं लागन," तो म्हणाला. उजव्या दाराला आधीची भोकं होती, ती मोठी करून भागलं. डावं दार कोरं होतं. इतक्या वर्षांत त्याला खिळा लागलेला नव्हता.

ड्रिल सुरू झालं तेव्हा हे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. बागेतलं झाड तोडताना हे असेच उभे राहतात. मी मात्र बघत होते. मी जिथे कोपर टेकते त्याच्या जरा पुढे पत्र्यातून भुगा पडत होता, आणि मला वाटत होतं, घ्या, करा भोक, माझ्या जागेला करा.

आरशाच्या काचांवर पातळ प्लास्टिक चिकटवलेलं होतं. दुकानदार ते ओढायला लागला तसे हे म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. नवं राहते."

इथे थोडं सांगायला हवं. यांनी आयुष्यात कुठल्याही नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढलेलं नाही. आमच्या फ्रिजच्या दारावर ते आहे, कडांनी काळं पडलेलं. टीव्हीच्या रिमोटवर आहे, त्यामुळे आवाजाचं बटण दोनदा दाबावं लागतं. व्हॅनच्या मागच्या सीटवर आहे. उन्हाळ्यात पाहुणे उठताना त्यांच्या कपड्यांबरोबर ते चर्रकन वर येतं. मुलाच्या लग्नात आलेला मिक्सर तर पिशवीतून फक्त तोंड बाहेर काढून वापरला जातो. मी पुष्कळ भांडले, शेवटी सोडून दिलं. पण आरशावर प्लास्टिक ठेवायचं, ही हद्द होती. ज्यात बघायचं तेच झाकायचं.

दुकानदार हसला. "काकाजी, दिसन कसं तुमाले?"

"दिसते, दिसते," हे म्हणाले.

परतताना मी माझ्याकडच्या आरशात बघितलं. सक्करदऱ्याचा अख्खा रस्ता दुधात बुडवल्यासारखा दिसत होता. मला हसू आलं. एवढा खटाटोप करून आणलेला आरसा आंधळा निघाला, म्हणजे माझी नोकरी तूर्त शाबूत. घर येईपर्यंत माझा मूड चांगला होता. फाटकातून आत घेताना तर अजूनच, कारण नवे आरसे इतके रुंद होते की ते दुमडल्याशिवाय गाडी फाटकातून शिरेना. आणि डावीकडचा दुमडायला हात कोणाचा पोचतो? माझा. मला कामावरून काढायला आणलेल्या आरशाला माझ्याशिवाय घरात यायची सोय नव्हती.

पुढच्या वेळी बागेत निघालो तेव्हा मी ठरवून गप्प बसले. रिंग रोडला लागायच्या वळणावर यांनी विचारलं, "घेऊ का वं?"

"तुमच्या आरशाले विचारा," मी म्हटलं.

गाडी तशीच उभी. मागून ऑटोवाला हॉर्न वाजवू लागला, त्याच्यामागून आणखी कोणीतरी.

"घ्या ना मंग," मी म्हटलं, "आरसा आहे ना."

"तू सांग," हे म्हणाले.

मी बघितलं आणि म्हटलं, "घ्या." हे तिरप्या नजरेनं आरशात बघतात हे मला दिसलं. मग त्यांनी घेतली. म्हणजे तपासणीचा साहेब गेलाच नव्हता, फक्त त्याला आता वळावं लागत नव्हतं. मला हे जास्तच लागलं. निवृत्त हेडक्लार्क ऑफिसात आला की त्याला खुर्ची देतात, चहा पाजतात, एखादा कागद दाखवून "बरोबर आहे ना साहेब?" विचारतात, तसं हे मला विचारताहेत असं मला वाटायला लागलं. आता कधीतरी एका सकाळी म्हणतील, "तू कायले येतं?" मी रोज ते वाक्य ऐकायची तयारी करून निघायची. आधीच जाडा स्वेटर घालून तयार बसायची, म्हणजे नाही म्हणायला यांना जड जाईल. या वयात नवऱ्याबरोबर गाडीत बसायला मिळावं म्हणून मी डावपेच करत होते. हसणाऱ्यानं हसावं.

आणि आरसा तसाच धुरकट. मी दर खेपेला सांगायची, "ते प्लास्टिक काढा ना हो. काही दिसत नाही त्याच्यात." हे म्हणायचे, "हव, काढतो." काढायचे नाहीत. मग मी ते यांच्या घराण्यातून आलेल्या गुणांत जमा केलं. आमच्या सासरच्या माणसांना वस्तू वापरण्यापेक्षा राखण्यात सुख आहे, हे मी सुनेलाही फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांना तरी दिसतं का मग त्यातून?" मी म्हटलं, "त्यांना सगळं दिसतं. त्यांना विचार."

तशी त्या वर्षी बऱ्याच गोष्टींची रयाच गेली होती. रस्त्यावर नवे पांढरे दिवे लावले, ते इतके हलके की प्रत्येक दिव्याभोवती केसाळ गोल दिसायचा. वर्तमानपत्रवाल्यांनी शाई कमी केली होती. माझ्या चष्म्याला ओरखडे पडले होते. व्हॅनची पुढची काच वायपरनं झिजली होती. जिथे तिथे सिमेंटचे रस्ते खणून ठेवलेले, त्यामुळे शहरभर धूळ. मी या सगळ्याबद्दल बोलत असे, जरा जास्तच. हे ऐकून घेत.

पावसाळ्यानंतर आंब्या बहराची संत्री उतरायला आली तेव्हा आम्ही पुन्हा निघालो. काटोलच्या पुढे एका टपरीवर यांनी गाडी थांबवली. चहा सांगायला हे खाली उतरले, मी गाडीतच बसले. ऊन स्वच्छ पडलं होतं. माझ्यासमोर तो आरसा, तसाच, दुधाळ. मला एकदम राग आला. म्हटलं, आज मीच काढते. काच खाली केली, हात बाहेर घातला आणि कोपऱ्यात नख घातलं.

नख सटकलं. दुसऱ्या कोपऱ्यात घातलं, तिथेही सटकलं. चारी कडा चाचपल्या. सुटं टोक कुठेच लागेना. मग बोट काचेवरून फिरवलं. थंड, कोरडी, उघडी काच. पदरानं पुसली. पुन्हा पुसली. वाकून अगदी जवळून बघितलं, तर आत माझा चेहरा, मलमलीच्या फडक्यातून गाळल्यासारखा. मी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. दोन्हीकडून फडकंच. मग टपरीकडे बघितलं. तीही तशीच होती. तिच्यावर काय लिहिलंय ते इतक्या वर्षांत मला पाठ होतं, म्हणून मी ते वाचते असं मला वाटत होतं.

हे दोन ग्लास घेऊन आले. माझा ग्लास खिडकीतून देताना माझा हात आरशावर आहे हे त्यांनी बघितलं.

"प्लास्टिक कधी काढलं?" मी विचारलं.

"लावून आणलं त्याच दिवशी. तू घरात गेली, न् काढलं."

फ्रिजवरचं ज्यानं आजतागायत काढलं नाही त्या माणसानं.

"मंग मले सांगितलं काहून नाही? मी म्हणून राहिली काढा काढा, तर हव हव म्हणून राहिले."

"काय सांगू वं," हे म्हणाले. "तू म्हणे धुकं होतं."

मला आधी राग आला. नाक्यावर, भर उजेडात, यांना कळलं होतं. तेव्हापासून हे माझ्या अंगावरून वाकून बघत होते, मान धरेपर्यंत. आणि मी त्या मानेला तेल चोळत देवाचे आभार मानले होते. आरसे यांच्या मानेसाठी नव्हतेच. यांनी दुकानात एकच मागितला होता, माझ्या बाजूचा. आणि तरी दर वळणावर हे मला विचारत होते, हॉर्न खात थांबत होते, माझं 'घ्या' येईपर्यंत. मग रडू आलं. यांनी माझ्या हातातला ग्लास परत घेतला, कारण चहा मांडीवर सांडत होता.

"मोतीबिंदू असन," हे म्हणाले. "सगळ्याईले होते. बागेतून आलो का डॉक्टरकडे जाऊ. काढून टाकतात आता, काही नाही लागत."

मी म्हटलं, "तुम्हाले म्हणायचं होतं ना, का तू घरीच राहा."

"मी कायले म्हणू? एकट्यानं जाऊ का मी एवढ्या दूर?" यांनी हे असं म्हटलं जसं काही मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले.

गाडी सुरू झाली. गावाचा फाटा आला, डावीकडे वळायचं होतं. यांनी वेग कमी केला आणि विचारलं, "घेऊ का वं?"

मी मान बाहेर काढली. मागे उन्हात रस्ता होता, झाडांसारखं काहीतरी होतं, आणि सगळं पांढुरकं आणि मोकळं. नेहमीसारखं मोकळं. तोंडात 'घ्या' तयार होतं.

"मले दिसून नाही राहिलं," मी म्हटलं.

यांनी आरशात बघितलं. "दोन पोरी आहेत शाळेतल्या, सायकलवर. जाऊ दे त्याईले."

आम्ही थांबलो. त्या माझ्या कोपराशी आल्या तेव्हा मला दिसल्या. निळे गणवेश, दोन-दोन वेण्या, एकमेकींशी बोलत, रस्त्याकडे लक्ष नाही.